मदत हवी आहे: कॅसलरॉक घाटातले बोगदे कोणी खोदले?

नमस्कार मंडळी. मी लोंढ्याचा. आमच्या खापरपणजोबांनी कर्नाटक-गोवा सीमेवरच्या कॅसलरॉक-कुळे रेल्वेघाटातल्या बोगद्यांवर काम केलं, असं आजी सांगायची. त्यांची पहार अजून माळ्यावर आहे. घणाचे घाव खाऊन वरचं टोक फुलासारखं पसरलंय.

वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वेचा हा मार्ग १८८८ मध्ये सुरू झाला. तेव्हा तो मीटरगेज (रुळांमधलं अंतर एक मीटर) होता. घाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट! आजही गाड्यांना जादा इंजिनं लावावी लागतात. कंपनीबद्दल वाचायला मिळतं, पण खडक फोडणाऱ्या मजुरांबद्दल मला काहीच सापडत नाही. फार वाईट वाटतं.

खानापूर, जोयडा भागात कुणाकडे जुने फोटो, हजेरीचे कागद, निदान घरात ऐकलेल्या आठवणी आहेत का? आमच्याकडची जाणती माणसं एकेक करून जाताहेत. कृपया कळवा.