मोठं मूल घरी येतं तेव्हा : गोव्यातले अनुभव

पाच वर्षांवरचं मूल दत्तक घेतलेल्या गोव्यातल्या घरांनी इथे लिहावं, म्हणून हा धागा. नोंदणी, गृहभेट (समाजसेविका घर पाहायला येते ती), कागदपत्रं यांची माहिती ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते. पण पहिल्या आठवड्यात मूल झोपत नाही तेव्हा काय करायचं, वाड्यावरच्या बायकांना काय सांगायचं, ते तिथे नाही. संस्था, शाळा, मुलांची नावं लिहू नका. मुलाचं आधीचं आयुष्य त्याचं आहे, ते इथे उलगडायचं नाही. आणि ‘केवढं पुण्य केलंत’ छापाचे प्रतिसाद कृपा करून नकोत.

फोंडा, आई

लेक सात वर्षांची असताना आली. पहिले काही आठवडे ती इतकी शहाणी होती की बघवेना. स्वतःचं ताट घासायची, आमचे वाळलेले कपडे घड्या करून ठेवायची, पाणी प्यायलाही विचारायची. नातेवाईक खूश. समुपदेशक बाईंनी मात्र आधीच बजावलं होतं की हे पाहुण्याचं वागणं आहे, ते संपेल आणि संपायलाच हवं. संपलं. एका दुपारी शीत-कडीचं (भात-आमटीचं) ताट भिंतीवर गेलं आणि त्यानंतर रोज काही ना काही. मला, खरं सांगू, थोडं हायसं वाटलं. भीती वाटणारं मूल ताट फेकत नाही.

खाण्याचं प्रकरण लांबलं. उशीखाली उंडे (गोव्यातले पाव), दप्तरात अर्धं केळं, कपाटात मुंग्यांची रांग. संस्थेत जेवण वेळेवर मिळायचं, पण वेळ टळली की नाही. पोदेर, म्हणजे पाववाला, रोज सकाळ-संध्याकाळ येतो हे आम्हाला ठाऊक, तिला कुठे? ओरडलो नाही. स्वयंपाकघरात तिच्या हाताला येईल अशा फळीवर तिचा डबा ठेवला : चुरमुरे, खजूर, बिस्किटं. त्यातलं कधीही खा, कुणी विचारणार नाही. पोदेराचा भोंपू वाजला की पैसे घेऊन जायचं काम तिचं. डबा अजून आहे, हल्ली त्यात खोडरबरं जास्त असतात.

झोपेचं म्हणाल तर तिच्यासाठी हौसेने रंगवलेली खोली फुकट गेली. अनेक मुलांत, दिवा चालू ठेवून झोपायची सवय. एकटीला दार लोटून निजवणं म्हणजे शिक्षाच. आम्ही सगळे सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, चटया टाकून झोपलो. सासूबाईंची कंबर धरली, त्यावर त्या अजून बोलतात.

मडगाव, बाबा

आमचं लग्न उशिरा, मूल घ्यायचा विचार त्याहून उशिरा. आठ वर्षांवरच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज 110 पर्यंत चालते, म्हणून आम्ही बसलो त्यात. मुलगा नऊ वर्षांचा. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती लागते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याने आमच्यासमोरच विचारलं, “मी नको म्हटलं तर?” संस्थेतल्या ताई म्हणाल्या, “तर नको.” मला ते उत्तर फार आवडलं. दुसऱ्या भेटीनंतर तो हो म्हणाला.

घरी आल्यावर परीक्षा सुरू. रिमोट फुटला, चष्मा फुटला, दर वेळी प्रश्न एकच : “आता परत पाठवणार?” मी दर वेळी तेच वाक्य म्हणायचो, त्याच आवाजात : “रिमोटचे पैसे तुझ्या खाऊतून थोडे थोडे जातील, तू कुठे जात नाहीस.” भाषणं देऊन उपयोग नाही, तो ऐकत नव्हता, आवाज बघत होता.

एक तक्रार कायद्याबद्दल. 2017 च्या दुरुस्तीने दत्तक आईला 12 आठवड्यांची रजा दिली, पण तेव्हा ती फक्त तीन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी होती. नऊ वर्षांचं मूल काय आपोआप रुळतं? बायकोने साठवलेली रजा संपवली, मग मी अर्ध्या पगारावर घरी बसलो.

डिचोली, आजी (नात टाईप करून देते आहे)

आमच्याकडे चवथीला (गणेश चतुर्थीला) मूळ घरी सगळं गणगोत जमतं. पोरगा आठ वर्षांचा, येऊन दोनच महिने झालेले. फटाके, घुमट वाद्य वाजवत आरती, प्रत्येक जण गाल ओढतोय. पोर गायब. सापडलं माळ्यावर, नारळांच्या राशीमागे. मी सुनेला म्हटलं, ओढू नको त्याला खाली, नेवऱ्या (करंज्या) वर पाठव. दुसऱ्या वर्षी आधीच ठरवलं : आम्ही दोन दिवस अगोदर गेलो, घर रिकामं असताना. माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या चौकटीची, फळं बांधायचं काम त्याला दिलं. हातात काम असलं की माणसं कमी बोचतात.

एका दूरच्या दिराने गोत्र काढलं. मी म्हटलं, “आमचें तें ताचें.” (आमचं तेच त्याचं.) मग वाटणीचा विषय निघाला, तो निघतोच. मुलाचे बाबा म्हणाले, बाल न्याय कायद्याच्या कलम 63 प्रमाणे दत्तक आदेश झाला की मूल सर्व बाबतींत आई-बापाचंच. ती जेवणाची पंगत लवकर उठली.

पेडणे, एकटी आई

माझ्याकडे दोन बहिणी, सहा आणि दहाच्या. धाकटी पडली की धावायची थोरलीकडे. तिचे केस थोरली विंचरणार, तिला भरवणारही तीच. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, थोरलीला लहान होऊ दे, हे काम काढून घे. मी काढलं नाही. इतकी वर्षं तिनेच धाकटीला सांभाळलं, ते एका दिवसात हिसकावलं असतं तर तिच्याकडे उरलं काय असतं? मी फक्त थोरलीचे केस विंचरायला लागले. आधी मान आखडून बसायची. आता तेल गरम नाही म्हणून कुरकुरते.

शाळेचं : शिक्षण हक्क कायद्यात वयाप्रमाणे वर्ग आणि मागे राहिलेल्यांसाठी विशेष शिकवणी, दोन्ही आहे. थोरलीला वाचता येत नव्हतं, तरी दोन इयत्ता खाली बसवायला मी नकार दिला. वर्गात ‘लहानपणीचा फोटो आणा’ असा उपक्रम आला, तेव्हा बाईंना आधी भेटून सांगितलं, ‘आवडता फोटो आणा’ म्हणा. म्हटलं त्यांनी. सगळ्या शिक्षकांना सगळं सांगायची गरज नाही, एकीला पुरेसं सांगावं.

वास्को, बाबा

दीड वर्ष झालं. मला अजून ‘काका’ म्हणतो, बायकोला ‘आई’. चाललंय. काका म्हणून तर काका म्हणून, क्रिकेटला रोज मलाच बोलावतो.

म्हापसा

आमची गृहभेट झाली आहे, वाट बघतोय. आधी काय तयारी करू?

फोंडा, आई

खोली रंगवू नका, एवढं तर कळलंच असेल. मूल जी पिशवी आणि कपडे घेऊन येईल ते धुऊ नका, टाकूही नका. त्याला त्याचा वास हवा असतो. घराचे, तुमचे, कुत्र्याचे फोटो संस्थेत आधी पाठवा. स्वागताचं जेवण महिनाभर पुढे ढकला. दात, डोळे, रक्त तपासून घ्याच, पण पहिल्याच आठवड्यात सुईने सुरुवात नको. आणि दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुरावा असतो, तेव्हा समाजसेविकेसमोर घर चकाचक करून ‘सगळं छान’ म्हणू नका. ताट भिंतीवर गेलं ते सांगा. आम्हाला चांगला समुपदेशक तसाच मिळाला.