बायबल उघडतो ते फक्त संदेशासाठी

खानापूरचा सेवक
सर्वांना सलाम. मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. खानापुरात मोबाईल रिपेअरीचं दुकान आहे, उरलेला वेळ चर्चच्या मंडळीचा. मंगळवारी नंदगडला घरसभा, शुक्रवारी लोंढ्याला, शनिवारी तरुण संघ, रविवारी संडे स्कूल, महिन्यातून दोनदा उपासनेत संदेश, म्हणजे प्रवचन. मध्येच कुणी आजारी पडलं की बेळगावला दवाखान्यात.

गेल्या गुरुवारी तिथंच, शेजारच्या खाटेवरच्या कन्नड आजीनं हात धरला. "अण्णा, प्रार्थने माडी." केली की! तोडक्यामोडक्या कन्नडात, पण रीतसर. आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोक्यात मात्र शेवटची बस किती वाजता, हाच हिशेब. आमेन म्हटल्यावर लक्षात आलं, दिवसभरातली ही पहिलीच प्रार्थना. कुणी सांगितल्याशिवाय, कुणी ऐकत नसताना शेवटची कधी केली, आठवेना.

स्तोत्र वाचायला घेतलं तरी मनात येतं, 'हे तरुणांना चालेल.' प्रभू येशू पहाटे अंधारात प्रार्थनेला एकांती गेला (मार्क 1:35), यावर मी दोनदा बोललोय. दोन्ही वेळा रात्री एक वाजेपर्यंत तयारी, आणि सकाळी धावतपळत उपासनेला. पहाटे जाग आलीच तर हातात आधी फोन, त्यात ग्रुपवरच्या प्रार्थनाविनंत्या. तुम्ही कसं जमवता?

कॅम्पातले काका
बाळ, 35 व्या ओवीवर थांबलास, पुढं वाच की. शिष्य शिमोन शोधत येतो, म्हणतो, सगळे तुम्हाला शोधताहेत. आदल्या संध्याकाळी दारात अख्खं गाव जमलेलं. प्रभू मागं फिरतो का? नाही. आजूबाजूच्या गावांकडं जाऊ म्हणतो. म्हणजे काही लोक ताटकळलेच ना? मी तीस वर्षं पाळकी केली आणि ही गोष्ट मला रिटायर झाल्यावर दिसली.

लोंढ्याची सभा दुसऱ्या कुणाला दे. प्रेषितांनीसुद्धा वाढपाचं काम सात जणांवर सोपवलं, प्रार्थना आणि वचनाची सेवा स्वतःकडं ठेवली. लंडन मिशननं बेळगावात काम सुरू केलं 1820 साली. तुझ्याआधी चाललं, एक शुक्रवार तुझ्याशिवायही चालेल.

निपाणीची मावशी
काकांचं पटतं, पण बापय माणसाला सुचतं ते. वाढण्यात गुंतलेली मार्था नि प्रभूच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया यांच्यावर संदेश द्यायचा आणि उपासनेनंतर जेवण वाढायला महिला मंडळ, हे मी जन्मभर बघितलं.

मी विड्या वळायची. मांडीवर सूप, पोरं अंगावर, एकांत कुठला? पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मी ठरवलं, एका कट्ट्याला एक घर. दोरा बांधेपर्यंत त्या घराचं नाव देवापुढं. आणि दिवसातला पहिला कट्टा माझा. त्यात कुणाचं काही मागायचं नाही. नुसतं रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन गुणगुणायचं, नाहीतर गप्प. लोकांसाठी मागणं मला कधी जड गेलं नाही. गप्प बसणं जड गेलं.

तुझ्याकडं येणारा पहिला फोन उघडायच्या आधी बस जरा. शटर अर्धं खाली ठेव.

खानापूरचा सेवक
मावशी, शटर अर्धं ठेवलं तर गिऱ्हाईक खालून वाकून बघतंय! पण काकांचं ऐकलं. लोंढ्याच्या एका ताईंना विचारलं, शुक्रवारची सभा घ्याल का? त्या म्हणाल्या, "दोन वर्षं वाट बघतेय, कुणी विचारलंच नाही." मलाच लाज वाटली.

शुक्रवारी संध्याकाळी घरीच बसलो, फोन बायकोकडं दिला. वीस मिनिटं. त्यातली निम्मी भिंतीला टेकून झोपण्यात गेली, खरं सांगतो.

निपाणीची मावशी
एलीया संदेष्टापण रतामाच्या झुडपाखाली झोपलाच होता की. देवदूतानं उठवून आधी भाकर दिली, मग परत झोपू दिलं. जेवून बसला होतास का उपाशी?