हायब्रिड कोर्समध्ये वेब डेव्हलपमेंट: घरी काय करायचं, लॅबमध्ये काय?

शनिवारची_लॅब
नमस्कार मंडळी. बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. वेबसाईटचा पेपर हायब्रिड आहे: व्हिडिओ घरी बघायचे, शनिवारी दोन तास लॅबमध्ये प्रॅक्टिकल. तीन पानांची साईट करायची आहे. लॅपटॉपवर सगळं नीट दिसतं, पण गिटहब पेजेसवर (गिटहबची साईट ऑनलाइन ठेवायची सोय) चढवली की फोटो गायब आणि मोबाईलवर अख्खं पान मुंगीएवढं. लॅबचा वेळ कशावर घालवावा? वर्गातले काही जण थेट रिॲक्ट (जावास्क्रिप्टची लायब्ररी) शिकायला लागलेत, मीही तेच करू का?

तिरकस_रेघ
आधी फोटोंचं बघू. चढवलेलं पान उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबवर जाऊन पान रीलोड करा. लाल ओळीसमोर ४०४ दिसेल, म्हणजे फाईल सापडली नाही. त्या ओळीवर क्लिक केलं की ब्राउझरने नेमका कोणता पत्ता मागितला ते पूर्ण दिसतं. तो रेपॉझिटरीतल्या (गिटहबवरच्या तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधल्या) फाईलशी अक्षर न् अक्षर ताडून बघा.

पहिला संशय लहान-मोठ्या अक्षरांवर घ्या. विंडोजला 'फोटो डॉट जेपीजी' कॅपिटलमध्ये लिहा की स्मॉलमध्ये, दोन्ही सारखंच. गिटहब पेजेसला नाही. कॅमेऱ्यातून आलेल्या फाईलींचं एक्स्टेन्शन बऱ्याचदा कॅपिटल असतं, तिथेच घोळ होतो. सगळी नावं स्मॉल अक्षरांत, स्पेस न देता ठेवा.

पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होत असेल तर तो फक्त तुमच्याच मशीनवर चालणार. आणि पत्त्याच्या सुरुवातीला स्लॅश असेल तर तो काढा. प्रोजेक्टची साईट डोमेननंतर रेपॉझिटरीच्या नावाखाली उघडते. सुरुवातीचा स्लॅश ब्राउझरला थेट डोमेनच्या मुळाशी नेतो, तिथे तुमचा इमेजेस फोल्डर नसतोच.

देवनागरी_लेआउट
मोबाईलचं कारण जवळजवळ नक्की व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान किती रुंद धरायचं हे फोनला सांगणारी ओळ. तो नसला की फोन पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि आक्रसून दाखवतो. हेडमध्ये तो टाका: विड्थ म्हणजे डिव्हाइस-विड्थ, इनिशियल-स्केल १.

त्यानंतर पान आडवं सरकायला लागेल, घाबरू नका. ३६० पिक्सेलच्या स्क्रीनवर रुंदी १०० टक्के आणि दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग (आतली मोकळी जागा) दिलं की डबा ४०० चा होतो, ४० बाहेर लोंबतात. सीएसएसच्या सुरुवातीला सगळ्या एलिमेंटना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लावा, मग पॅडिंग रुंदीतच धरलं जातं. फोटोंना मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो.

मजकूर मराठी असेल तर कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ हेडमध्ये अगदी वर लिहा, फाईलच्या पहिल्या १०२४ बाइट्समध्ये तो यायलाच हवा. लाइन-हाइट १.७ च्या आसपास ठेवा. वेलांट्या आणि उकार आहेत, इंग्रजी पानाच्या हिशेबाने ओळी ठेवल्या तर एकमेकींना चिकटतात.

लॅब_सहायक
लॅबच्या वेळेबद्दल. टायपिंग घरीच करून या. कोड एडिटर आणि ब्राउझर एवढं असलं की इंटरनेटशिवायही काम होतं. व्हिडिओ थांबवून प्रत्येक टॅग स्वतः टाइप करा. कॉपी केलेल्या कोडमध्ये चूक होत नाही, म्हणून चूक शोधणंही येत नाही. लॅबमध्ये बिघडलेलं पान घेऊन या. कुठे अडलं, काय अपेक्षित होतं, काय दिसतंय, हे तीन ओळींत लिहून आणा. शिक्षक समोर असण्याचा खरा उपयोग तिथेच होतो. कोरं पान उघडून बसलात तर दोन तास टायपिंगमध्येच जातात.

लॅबच्या कॉम्प्युटरवरून पुश करताना (बदल गिटहबवर पाठवताना) ४०३, म्हणजे परवानगी नाकारल्याचा एरर आला तर विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये बघा. आधीच्या विद्यार्थ्याचं गिटहब लॉगिन तिथे राहिलेलं असतं. ते काढा आणि निघताना स्वतःचंही काढा. बऱ्याच लॅबमध्ये मशीन रीस्टार्ट झालं की सेव्ह केलेलं पुसलं जातं, म्हणून उठण्याआधी पुश झालंच पाहिजे.

रिॲक्ट आत्ता नको. तीन पानं, एक फॉर्म आणि मेनू उघडबंद करणारी थोडी जावास्क्रिप्ट हाताने लिहून होऊ द्या. त्याआधी रिॲक्ट घेतलं तर चूक एचटीएमएलची आहे की रिॲक्टची हेच कळणार नाही.

शनिवारची_लॅब
खूप आभार! मोबाईलवर पान नीट आलं. सुरुवातीचा स्लॅश काढल्यावर फोटोही आले, एक सोडून. त्या फाईलचं नाव मी स्मॉल केलं, पुश केलं, तरी गिटहबवर कॅपिटलच दिसतंय.

तिरकस_रेघ
विंडोजवर नावातलं अक्षर फक्त कॅपिटलचं स्मॉल केलं तर गिटला (फाईलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) तो बदल जाणवतच नाही. फाईल एक्सप्लोररमधून नाव बदलू नका. टर्मिनलमध्ये 'गिट एमव्ही' लिहून पुढे जुनं नाव, मग नवं नाव द्या, कमिट करा (बदल नोंदवा), पुश करा. साईटवर बदल दिसायला काही मिनिटं लागतात. तेवढं थांबून कंट्रोल-एफ५ दाबा, नाहीतर ब्राउझर जुनंच पान दाखवत राहील.