दहन की दफन: पर्यावरणाला कमी जाच कशाचा?

धागाकर्ता:
देह जाळला की मागे काही उरत नाही, असं बहुतेकांना वाटतं. उरतं, फक्त ते हवेत जातं. गॅसदाहिनीत ८०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान तासभर तरी टिकवावं लागतं, आणि तेवढं इंधन प्रत्येक देहामागे जळतं. मला त्याहून जास्त खुपतो तो पारा. दातांत ‘चांदी’ म्हणून भरतात त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो. तो ३५७ अंशांना उकळतो, म्हणजे दाहिनीत त्याची वाफ होणारच. धुराड्याला गाळणी यंत्रणा नसेल तर तो पुढे पाण्यात आणि तिथून माशांत जातो.
याउलट सुती कापड, बेताचा खड्डा आणि जिवंत माती एवढ्यावर दफन होतं. ब्रिटनमध्ये कार्लाइलला १९९३ मध्ये वनदफनभूमी सुरू झाली, तिथे कबरीवर दगडाऐवजी झाड लावतात. माझं मत दफनाला.

प्रतिसाद १:
तुम्ही दहनाचा सगळ्यांत वाईट नमुना घेतलात आणि दफनाचा सगळ्यांत चांगला. प्रत्यक्षात दफन कसं होतं ते बघा. देह टिकावा म्हणून फॉर्मल्डिहाइड टोचतात, जे कर्करोगकारक आहे. मग पॉलिश केलेली लाकडी पेटी, तिला धातूच्या कड्या, आणि अमेरिकेत तर बऱ्याच ठिकाणी पेटीभोवती काँक्रीटची कोठी. हे सगळं कशासाठी, तर जे कुजायला हवं ते कुजू नये म्हणून! शिवाय जागा कायमची अडते. दाट वस्तीच्या शहरात ती आणणार कुठून? राख दोन-तीन किलो भरते, तिला जमीन लागत नाही.

प्रतिसाद २:
१ शी सहमत, पण दहन म्हणजे नुसती गॅसदाहिनी नव्हे. उघड्या चितेला काही क्विंटल लाकूड लागतं आणि निम्म्याहून जास्त उष्णता आजूबाजूच्या हवेत वाया जाते. खाली जाळी आणि वर धुराडं असलं की लाकूड बरंच वाचतं. विद्युतदाहिनीचंही तसंच. वीज कोळशाची असेल तर धूर दिसत नाही एवढंच, तो दुसरीकडे निघतो. भट्टी थंड असताना पेटवली तर पहिल्याच देहाला सर्वांत जास्त इंधन जातं. लागोपाठ चालली तर माणशी खर्च उतरतो. दिवसाआड एक देह येणाऱ्या गावात दाहिनी बांधून फायदा किती, हे कुणी मोजतच नाही.

धागाकर्ता:
जागा कायमची अडते, हे सगळीकडे खरं नाही. जर्मनीत कबर साधारण २० ते ३० वर्षांच्या मुदतीने देतात, नंतर तीच जागा पुन्हा वापरतात. फॉर्मल्डिहाइड आणि काँक्रीट हा दफनाचा भाग नाहीच, तो वर चढवलेला थाट आहे. तो नियमाने बंद करता येतो. भट्टीची उष्णता नियमाने कमी करता येत नाही.

प्रतिसाद ३:
भूजलाचं काय? पाण्याची पातळी वर असेल किंवा जमीन रेताड असेल तर पाझर थेट विहिरीकडे. खोल पुरलं तर प्राणवायू मिळत नाही, कुजणं रेंगाळतं आणि मिथेन होतो. जागा पारखल्याशिवाय ‘नैसर्गिक’ म्हणण्यात अर्थ नाही.
एक मुद्दा मात्र दफनाच्या बाजूचा. मृत्यूबद्दल पुढे संशय आला तर देह उकरून तपासता येतो. मोठ्या आपत्तीत ओळख पटण्याआधी घाईने सामूहिक दहन केलं, तर घरच्यांना आपलं माणूस कधीच सापडत नाही.

प्रतिसाद १:
तपासाचा मुद्दा मान्य. तरी शहरासाठी माझं मत दहनालाच, पाऱ्याची गाळणी सक्तीची करून. तिसरा मार्गही आहे: गरम अल्कली द्रावणात देह विरघळवणं. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांचा अंत्यविधी २०२२ मध्ये तसाच झाला. ज्वाळा नाही, धूर नाही.

प्रतिसाद २:
राखेवर झाड लावणाऱ्यांसाठी: ती राख खारट आणि अल्कधर्मी असते, थेट मुळाशी घातली तर रोप जळतं. भरपूर मातीत मिसळा. आणि दहन ठरलं असेल तर पेसमेकर आधी काढून घ्यायला सांगा, त्याची बॅटरी दाहिनीत फुटते आणि समोर उभ्या कामगाराला इजा होऊ शकते.