जे-हुक गंजले, पत्रा मात्र ठीक. फाटकाच्या बिजागऱ्या वाचतील का?

पडवीवाला: मालवणात समुद्रापासून अंदाजे ४०० मीटरवर घर. पडवीवर रंगीत पत्रा, खाली लोखंडी अँगल. तीन वर्षांत पत्र्याला काही झालं नाही, पण जे-हुकांचे (पत्रा अँगलला आवळून धरणाऱ्या वाकड्या बोल्टांचे) नट तपकिरी होऊन पत्र्यावर ओघळ आलेत. माल गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा थर दिलेला) म्हणून घेतला होता. फाटकाच्या बिजागऱ्या आणि कडी-कोयंड्यावरही ठिपके पडू लागलेत. रंगारी म्हणतो, रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर मारून वर ऑइल पेंट द्या. चालेल?

जस्त_आणि_गंज: हुक नुसते झिंक प्लेटिंगचे असणार. असा माल गुळगुळीत, चकचकीत किंवा पिवळसर झाक असलेला दिसतो, आणि जस्ताचा थर ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वितळलेल्या जस्तात बुडवलेला हॉट डिप माल राखाडी, किंचित खरखरीत, कुठेतरी जस्ताचा थेंब गोठलेला. त्याचा थर साधारण ४५ मायक्रॉन किंवा जास्त. दुकानात दोघांनाही जीआयच (गॅल्व्हनाइज्ड आयर्न) म्हणतात, घोळ तिथेच. आयएसओ ९२२३ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सी५ श्रेणीच्या, म्हणजे कडक खाऱ्या हवेत जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. आता तीन वर्षांचा हिशेब तुम्हीच करा.

हुक रंगवू नका, बदला. वायसरखाली आणि आट्यांत ब्रश पोचत नाही, आणि गंज नेमका तिथेच असतो. हॉट डिप हुक नटासकट घ्या. जाड थर मावावा म्हणून त्या नटाचे आटे जरा मोठे पाडलेले असतात. साधा नट बसेना म्हणून हुकावर डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवली, तर आट्यांवरचं जस्त गेलंच समजा. वायसर ईपीडीएम रबराचा घ्या आणि रबर जरासा फुगेपर्यंतच आवळा. ड्रिल केलंत तर लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढा, नाहीतर पहिल्याच पावसात पत्राच गंजल्यासारखा दिसेल.

फाटक_फॅब्रिकेशन: बिजागऱ्या ठिपक्यांवर असतील तर वाचतात. आधी गोड्या पाण्याने मीठ धुवा, वाळवा. मग तारेचा ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर; लाल गंज निघून उघडं लोखंड दिसलं पाहिजे. आजूबाजूचं चांगलं जस्त ग्राइंडरने खरवडू नका. थिनरने पुसून झिंक-रिच पेंट, म्हणजे कोल्ड गॅल्व्हनाइझिंग, दोन-तीन हात द्या. हॉट डिप मालावरच्या अशा दुरुस्तीला आयएसओ १४६१ किमान १०० मायक्रॉन मागतं, एका हातात ते होत नाही. डबा तळापासून ढवळत राहा: जस्ताची पूड जड, खाली बसते, आणि वरचं पातळ मारलं तर नुसता राखाडी रंग मिळतो.

याखाली रेड ऑक्साइड अजिबात नको. जस्ताचा लोखंडाला थेट स्पर्श झाला तरच ते लोखंडाऐवजी स्वतः झिजतं.

पडवीवाला: आणि जिथे जस्त शाबूत आहे तिथे ऑइल पेंट?

जस्त_आणि_गंज: थेट नको. ऑइल पेंटमधल्या तेलातली स्निग्धाम्लं जस्ताशी मिळून साबण तयार करतात आणि रंग पापुद्र्यासारखा सुटतो. रंगाऱ्याला वाटतं पत्रा तेलकट होता. आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे जस्ताला घट्ट धरणारा पहिला हात, किंवा दोन डब्यांतलं मिसळून लावायचा इपॉक्सी प्रायमर, त्यावर कोणताही चांगला रंग.

पांढरी भुकटी दिसली तर घाबरू नका, तो जस्ताचा ओल्या, कोंदट जागेतला गंज. नायलॉनच्या ब्रशने घासा, पाण्याने धुवा, हवा लागू द्या. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र वापरू नका, त्यात जस्त काही मिनिटांत विरघळतं.

फाटक_फॅब्रिकेशन: बिजागरी वेल्ड करायची असेल तर आधी त्या जागेवरचं जस्त घासून काढा, आणि काम उघड्यावर करा. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो. वेल्ड थंड झाल्यावर तिथेही वरचाच झिंक-रिच पेंट. कडीला पितळी कुलूप कायम लटकवू नका, ओल्या खाऱ्या हवेत पितळ टेकतं तिथलं जस्त आधी जातं.