मदत हवी आहे: कंपोनंटच्या ॲट्रिब्यूटमधला भाव आकड्यात बदलताना नॅन येतंय

घाऊकभाव:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल कारखान्याच्या घाऊक भावांचं पान आहे. फ्रेमवर्क नाही, जावास्क्रिप्टमधलं साधं कस्टम एलिमेंट (स्वतः बनवलेला एचटीएमएल टॅग). 'भाव-कार्ड'ला चार ॲट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहायच्या किमती) आहेत: डझनाचा भाव, किमान डझन, शिल्लक, मापं. (कोडात नावं इंग्रजीत आहेत, इथे वाचायला मराठीत लिहिली.)

भाव सर्व्हरवरून १,२५० असा आला की एकूण रकमेच्या जागी नॅन ('हा आकडा नाही' अशी खूण). बदलायला 'नंबर' हे फंक्शन वापरतोय. 'नंबर'ऐवजी 'पार्सइंट' लावलं तर इंग्रजी पानावर भाव १ रुपया धरला जातो, मराठी पानावर नॅन तसंच. शिल्लक="फॉल्स" दिलं तरी ऑर्डरचं बटण चालूच. किमान डझन रिकामं असलं की शून्य डझनाची ऑर्डर जाते. मापांचा जेसन (यादी मजकुरात लिहायची पद्धत) चुकला की ते कार्ड कोरं. सगळ्याला ट्राय-कॅच (चूक पकडायची रचना) लावलंय, पण पकडली जाते फक्त शेवटची चूक. असं का?

कोडकरी:
कारण चौघांपैकी एरर फेकतो तो फक्त जेसन. 'नंबर' फेकत नाही, गुपचूप नॅन परत देतो, मग कॅचमध्ये येणार काय? आणि रिकामी स्ट्रिंग (मजकूर), नुसत्या स्पेस, ॲट्रिब्यूटच नसताना मिळणारा नल ('काहीच नाही'), या तिन्हींचं 'नंबर' शून्य करतो. म्हणून नल आणि रिकामं हे दोन्ही आधी तपासायचं, बदल नंतर.

'पार्सइंट' इथून काढाच. तो पहिल्या न कळलेल्या अक्षरापर्यंत वाचतो आणि पुढचं सोडून देतो. स्वल्पविरामापाशी थांबला, १ मिळाला. नॅन निदान डोळ्यांना दिसतं, एक रुपयाचं बिल मात्र तसंच पुढे जातं.

मराठी पानावर रक्कम 'टू-लोकेल-स्ट्रिंग'मधून (आकडा त्या त्या भाषेच्या पद्धतीने लिहिणारं फंक्शन) 'एमआर-आयएन', म्हणजे भारतातली मराठी, हे लोकेल लावून येते का? त्या लोकेलचे ठरलेले अंक देवनागरी आहेत, आणि जावास्क्रिप्टच्या 'नंबर'ला देवनागरी अंक कळत नाहीत.

घाऊकभाव:
हो, अगदी तसंच येतंय. पण काही भाव कारखान्याच्या शीटमध्येच देवनागरीत टाइप केलेले असतात.

कोडकरी:
मग दोन कामं. सर्व्हरवरून ॲट्रिब्यूटमध्ये कच्चा आकडा पाठवा, इंग्रजी अंकांत, स्वल्पविराम आणि रुपयाच्या चिन्हाशिवाय. सजावट फक्त दाखवताना. शीटमधल्या मजकुरासाठी सफाईचं एक फंक्शन: ० ते ९ या देवनागरी अक्षरांचे युनिकोड क्रमांक २४०६ ते २४१५ आहेत, त्यातून २४०६ वजा केले की अंक हाती येतो. नंतर स्वल्पविराम काढा. उरलेल्यात अंक आणि फार तर एक दशांशचिन्ह असेल तरच 'नंबर'कडे द्या. ही शेवटची चाळणी गाळू नका. नाहीतर 'नंबर' १ई३ सुद्धा हजार म्हणून मान्य करतो.

पेटीपॅक:
शिल्लकबद्दल. ॲट्रिब्यूट म्हणजे स्ट्रिंग, आणि रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरीच धरली जाते, त्यात फॉल्स हा शब्दही आला. 'डिसेबल्ड'सारखं करा: ॲट्रिब्यूट आहे म्हणजे हो, नाही म्हणजे नाही. वाचायला 'हॅज-ॲट्रिब्यूट', बदलायला 'टॉगल-ॲट्रिब्यूट'. 'माहीत नाही' अशी तिसरी अवस्था हवी असेल तरच शब्द तपासा, एरियाच्या (स्क्रीन-रीडरसाठीच्या) ॲट्रिब्यूटमध्ये तपासतात तसे.

घाऊकभाव:
आणि कोरं कार्ड? कॅच तर लागतोय.

कोडकरी:
कॅचमध्ये नुसतं कन्सोलला (ब्राउझरच्या नोंदींच्या खिडकीत) लिहून परत फिरत असाल, तर पुढचं रेंडर, म्हणजे कार्ड पानावर काढणं, चालतच नाही. बदल आणि रेंडर वेगळे करा. बदलाच्या फंक्शनने 'जमलं की नाही' आणि किंमत, अशी जोडी परत द्यावी. रेंडर दोन्ही वेळा चालावं.

न जमल्यावर काय दाखवायचं हे प्रत्येक ॲट्रिब्यूटचं वेगळं. ब्राउझर टेबलमधला चुकीचा 'कोलस्पॅन' (खाना किती रकाने व्यापतो तो आकडा) १ धरतो, तसं किमान डझन १ धरायला हरकत नाही. भावाला मात्र कुठलाही पर्यायी आकडा देऊ नका, शून्य तर नकोच: 'भाव विचारा' लिहा आणि बटण बंद. कन्सोलमध्ये एलिमेंट, ॲट्रिब्यूटचं नाव आणि आलेली मूळ स्ट्रिंग तिन्ही छापा, म्हणजे शीटमधली ओळ लगेच सापडते.

सुधारलेली किंमत 'ॲट्रिब्यूट-चेंज्ड-कॉलबॅक'मध्ये (ॲट्रिब्यूट लिहिला की ब्राउझर चालवतो ते फंक्शन) बिनशर्त परत 'सेट-ॲट्रिब्यूट' करू नका. किंमत तीच असली तरी कॉलबॅक पुन्हा येतो आणि चक्र थांबत नाही. खाजगी फील्डमध्ये ठेवा.

पेटीपॅक:
जेसन बहुतेक अवतरणचिन्हांनी मोडतोय. ॲट्रिब्यूटभोवती दुहेरी चिन्हं आणि आत जेसनचीही दुहेरी. पहिल्याच चिन्हाला ॲट्रिब्यूट संपतो आणि हातात नुसता उघडा कंस राहतो. आतली चिन्हं सर्व्हरवर एस्केप करा (त्यांच्या जागी संकेत लिहा). त्याहून बरं म्हणजे मापांची यादी ॲट्रिब्यूटमधून नकोच, एलिमेंटच्या प्रॉपर्टीला जावास्क्रिप्टमधून थेट ॲरे (यादी) द्या. तिथे स्ट्रिंग होतच नाही.

घाऊकभाव:
कन्सोलमध्ये खरंच नुसता उघडा कंस दिसला. मापं प्रॉपर्टीवर नेली, कार्ड भरलं. शिल्लक आणि भावही जमले. शीटमध्ये एका ठिकाणी किमान रकान्यात '१२ डझन' असं अक्षरी आहे, ते चाळणीत अडकून १ धरलं जातंय.

कोडकरी:
तिथे १ धरणं चूक आहे, माझं वरचं वाक्य दुरुस्त करतो. ॲट्रिब्यूट नाही किंवा रिकामा आहे, तर १. काहीतरी लिहिलंय पण कळलं नाही, तर बटण बंद. 'डझन' शब्द कोडातून छाटत बसू नका, शीटच्या रकान्यालाच फक्त आकडा घेण्याचं बंधन घाला.