फोटोग्राफी कुठे तोडायची?

प्रश्न: मुलगी आठवीत आहे. ‘फोटोग्राफी’ची फोड करताना तिनं फोटो-ग्राफी असं लिहिलं. अमेरिकन कोशात मात्र फ-टॉग-र-फी दिसलं. मग त्यातला ‘फोटो’ गेला कुठे?

उत्तर: मुलीचं बरोबर आहे, कोशाचंही. तिनं शब्द अर्थावर तोडला, कोशानं उच्चारावर. ग्रीकमध्ये ‘फोटो’ म्हणजे प्रकाशाचं, ‘ग्राफ’ म्हणजे लिहिणं, रेखणं. जॉन हर्शेल यांनी १८३९ साली रॉयल सोसायटीपुढच्या निबंधात हा शब्द वापरला, तो याच अर्थानं. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना ब्रिटिश छपाईत बरेचदा हा व्युत्पत्तीचा सांधा पाळतात.

आता तिला तीन शब्द मोठ्यानं म्हणायला सांगा आणि जोर येईल तिथे टेबलावर बोट आपटू द्या. फोटग्राफ: बोट ‘फो’वर. फटॉग्रफी: ‘टॉ’वर. फोटग्राफिक: ‘ग्रा’वर. आघात जिथे पडतो तिथला स्वर भरून येतो आणि शेजारचा मिटतो. म्हणून फोटोग्राफीतला ‘फो’ इंग्रजांच्या तोंडी नुसता पुसट ‘फ’ उरतो. आपण मराठीत फो-टो-ग्रा-फी चारही अक्षरं भरघोस म्हणतो, आणि मराठी बोलताना तेच योग्य आहे.

शेवटी ‘-ग्राफी’ किंवा ‘-लॉजी’ आलं की शेवटून तिसरं अक्षर पकडायचं: बायॉलजी, जिऑग्रफी. आपल्या घराघरांत ‘जॉग्रफी’ म्हणतात ना, त्यात आघाताचा ‘ऑ’ टिकलाय आणि बिनजोराचा ‘जि’ विरघळलाय. ‘-इक’, ‘-इटी’, ‘-शन’च्या आधी बहुधा लगतच्या अक्षरावर जोर येतो, इलेक्ट्रिकमध्ये ‘ले’वर, इलेक्ट्रिसिटीत ‘ट्रि’वर. (लघु-गुरू मोजायची सवय असेल तर ती इथे चालत नाही. गुरू ठरतो लांबीवर, हा खेळ जोराचा.)

प्रश्न: मग हेलिकॉप्टर? हेलि अधिक कॉप्टर असंच ना?

उत्तर: ऐकून तसंच वाटतं, पण मूळ सांधा हेलिको-प्टर असा आहे. हेलिक्स म्हणजे मळसूत्र, प्टेरॉन म्हणजे पंख. १८६१ साली फ्रान्समध्ये पाँताँ दामेकूर यांनी हा शब्द घडवला. टेरोडॅक्टिल या उडत्या प्राण्याच्या नावातही तोच पंख आहे, तिथे ‘प’ फक्त लिहितात. शब्दाच्या सुरुवातीचा ‘प्ट’ इंग्रजी जिभेला पेलत नाही, म्हणून हेलिकॉप्टरमधला ‘प’ मागच्या ‘कॉ’ला जाऊन चिकटला. पुढे लोकांनी उच्चाराचे तुकडेच शब्द म्हणून वापरायला घेतले: इकडून ‘कॉप्टर’ सुटला, तिकडून ‘हेलि’ सुटला आणि त्याला ‘पॅड’ जोडून हेलिपॅड झालं.